पाड्यावर जाऊन विचार

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की कॉलेजात तुम्हाला पाहिलेलं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. स्टाफरूममध्ये खिडकीजवळ तुमची खुर्ची असायची, तिथं झेरॉक्सचं मशीन आलंय. तुमचाच विषय, इतिहास, मी शिकवते, बऱ्याचदा तुमच्याच वर्गखोलीत. मुलं मला मॅडम म्हणतात. आम्ही तुम्हाला बाई म्हणायचो, आणि त्या एका शब्दात जो धाक होता तो मॅडममध्ये काही केल्या येत नाही. यंदा वर्गात एक गोष्ट घडली. ती तुम्हाला सांगावी असं गेले कितीतरी दिवस मनात आहे. सांगावी आणि त्या निमित्तानं तुमच्याशी थोडं भांडावं. तुम्ही होतात तेव्हा ते मला जमलं नाही.

आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला संशोधनाचा प्रकल्प करावा लागतो. बहुतेक मुलं मोबाइलवरून उतरवतात, वर रंगीत कव्हर लावतात, झालं. माझी अट वेगळी आहे. निदान एक तरी जुना कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा, तोही दप्तरखान्यात बसून. पहिल्या दिवशी ठरलेला प्रश्न येतोच, "मॅडम, याची पीडीएफ नाही का मिळणार?" मी नाही म्हणते. मग हात धुवून यायचं, पेन दप्तरात ठेवून पेन्सिल काढायची, पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही. कागद समोर आला की आधी विचारायचं: हा कोणी लिहिला, कुणासाठी लिहिला, कशासाठी लिहिला. हे सगळं तुमचं. मी त्यात एका प्रश्नाची भर घातली आहे: या कागदात कोण बोलत नाहीये? तुम्हाला हा प्रश्न आवडला असता का, मला सांगता येत नाही. तुम्ही चष्मा वर सरकवून म्हणाला असतात, जे नाही ते कसं वाचणार?

यंदाच्या मुलांत एक मुलगी होती, सुरगाण्याकडची. होस्टेलवर राहायची. आईवडील पाऊस संपला की डोंगर उतरून दिंडोरीकडे द्राक्षबागांवर कामाला येतात आणि उन्हाळ्यात परत जातात. त्यामुळे घर सुरगाण्याला आणि माणसं दिंडोरीला, असं तिचं अर्धं वर्ष जायचं. वर्गात ती कधी बोलायची नाही. विषय निवडायची वेळ आली तेव्हा मात्र उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्याकडच्या जंगलावर काय असंल तर बघू का?" मी म्हटलं, बघ. शोधाशोध करून इंग्रज अमदानीतल्या एका जंगल अधिकाऱ्याचा दौऱ्याचा अहवाल मिळाला. हातानं लिहिलेला, तिरका, कडा भुरभुरत चाललेल्या. तिचं इंग्रजी बेताचं, म्हणून मी शेजारी बसले. गावांची नावं त्यानं आपल्या कानाला ऐकू आली तशी लिहिलेली. डोळ्यांनी ती कळत नाहीत, म्हणून मी मुलांना मोठ्यानं वाचायला लावते. ती एकेक नाव अडखळत वाचत होती. एका नावाशी थांबली. पुन्हा वाचलं, जरा वेगळा हेल देऊन. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "मॅडम, हा आमचा पाडा हाय."

अशा क्षणासाठीच मी अजून शिकवते, बाई. मी खुशीत आले आणि पुढच्या ओळी भराभरा मराठीत सांगत सुटले. इथले लोक आळशी आणि खोटं बोलणारे आहेत. वारंवार ताकीद देऊनही डोंगराच्या उतारावर झाडोरा जाळतात आणि नागली-वरई पेरतात. यांना उतारावरून हलवल्याखेरीज जंगल राहणार नाही. वाक्य संपल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. लिहिणारा साहेब मरून किती काळ लोटला, त्याची भाषा तिला धड कळत नव्हती. ते शब्द मराठीत, सकाळच्या उजेडात, माझ्या तोंडून तिच्या कानावर गेले होते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लासलगावकडचा एक मुलगा बसला होता, कांद्याच्या लिलावांवर काम करणारा. मनानं वाईट नाही, तोंडाला कुलूप नाही इतकंच. तो म्हणाला, "म्हणजे मॅडम, तेव्हापासूनच अतिक्रमण की." ती उठली. कागद नीट जागेवर सरकवला, वही उचलली आणि बाहेर गेली. मी तिच्यामागे गेले नाही. त्या मुलाला विचारलं, "हा शब्द कागदात आहे का?" तो खाली बघून म्हणाला, "नाय मॅडम. माझा हाय."

आठवडाभर ती आली नाही. मला वाटलं, विषय बदलून मागेल. आली ती भलत्याच उत्साहात. दिंडोरीला आईवडिलांकडे जाऊन आली होती. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, तो साहेब आम्हाला शिव्या देतो ना, पण शिव्या देता देता आम्ही पेरत होतो असं लिहून गेलाय. म्हणजे आम्ही तिथंच होतो." इतकी वर्षं मी हेच शिकवायचा प्रयत्न करते आहे, की कागद ज्याच्या विरोधात लिहिलाय त्याच्याही बाजूनं कधी कधी बोलून जातो. तिला ते मी शिकवलं नव्हतं. अपमान गिळून पुन्हा त्याच ओळीशी गेली तेव्हा तिला ते दिसलं. मग तिनं कारण सांगितलं. त्याच उतारावरच्या जमिनीसाठी तिच्या वडिलांनी वनहक्काचा दावा टाकला होता, तो अडकला होता. जुना पुरावा आणा, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तिनं मला प्रकल्पातल्या एका प्रकरणाचा कच्चा मसुदा दिला. पहिलंच वाक्य होतं: माझे पणजोबा या उतारावर नागली पेरत होते हे या अहवालावरून सिद्ध होते.

मी विचारलं, "अहवालात तुझ्या पणजोबांचं नाव आहे?"

"नाव नाय. पण पाडा आमचाच हाय."

"पाड्यात किती घरं होती ते दिलंय?"

"नाय दिलं."

"मग हे वाक्य खोड."

ती म्हणाली, "मॅडम, त्या पाड्यावर आमच्याशिवाय दुसरं होतं कोण? आकाशातून आलो का आम्ही?" मी म्हटलं, असेलही तसं, पण या कागदावरून ते सिद्ध होत नाही. ती उभी राहिली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "तुमचं काय जातंय, मॅडम? एक वाक्य हाय. तुमच्यासाठी मार्कांचं. माझ्या बापाला त्याच्यावर जमीन मिळणार हाय." आणि गेली. मसुदा माझ्यासमोर तसाच राहिला.

आणि त्या टेबलाशी बसल्या बसल्या, बाई, मी तुमच्या पंचवटीतल्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे. मी शेवटच्या वर्षाला होते. मोडी शिकायला रविवारी सकाळी तुमच्याकडे यायची. बाहेरच्या खोलीत तुमच्याकडे सतत येणंजाणं, म्हणून तुम्ही मला आत ओट्याशेजारच्या टेबलाशी बसवायचात. तुम्ही पोळ्या लाटताय, मी अक्षर लावतेय, अडलं की मोठ्यानं विचारतेय, तुम्ही मान न वळवता सांगताय. पहिल्या रविवारी तुमच्या सासूबाई आत आल्या. माझं आडनाव विचारलं, मी सांगितलं. त्यांनी पाण्याचं पिंप कोपऱ्यातून उचलून आतल्या खोलीत ठेवायला लावलं. तुम्ही लाटणं थांबवलंत, फडताळातून एक तांब्या काढलात, पाण्यानं भरलात आणि माझ्या वहीशेजारी आणून ठेवलात. आधी तुम्ही त्यातलं पाणी प्यालात, मग मला भांडं दिलंत. पुढचे सगळे रविवार तो तांब्या टेबलावर असायचा. याविषयी आपण एक अवाक्षरही कधी बोललो नाही. घरी मी आईलासुद्धा सांगितलं नाही.

त्याच टेबलाशी तुम्ही माझा निबंध तपासलात. शाळा तपासणीचा एक जुना अहवाल मी दप्तरखान्यात वाचला होता. आमच्या लोकांची मुलं व्हरांड्यात बसवली होती असं त्यात सरळ, कोरडं लिहिलेलं होतं, बाकं मोडली आहेत आणि फळ्याला रंग हवा आहे या दोन वाक्यांच्या मध्ये. मी तो वाचून दप्तरखान्याच्या जिन्यात जाऊन रडले होते. निबंधात लिहिलं होतं, माझ्या आजोबांना याच व्हरांड्यात बसवलं गेलं. तुम्ही तिथं बोट ठेवलंत. हाताला पीठ होतं, कागदावर त्याचा ठसा उठला. "तुझे आजोबा या शाळेत होते?" मी म्हटलं, त्याच भागातले होते. "या कागदात त्यांचं नाव आहे?" नाही. "मग खोड." मी पेन्सिल उचलली नाही. आतल्या खोलीतून सासूबाईंचं खोकणं ऐकू येत होतं. तुम्ही पुन्हा म्हणालात, "हे तुला हवंय. कागद तसं म्हणत नाही. खोड." मी खोडलं. घरी जाताना पुलावर मी मनाशी तुम्हाला किती बोलले ते आठवतं. तुम्हाला खोड म्हणायला काय जातंय, असंच बोलले होते. शब्दही जवळपास तेच. तिनं तेच शब्द मला ऐकवले तेव्हा कुणीतरी मागून हाक मारावी तसं झालं.

तुमचं बरोबर होतं. हे मी पुढं वर्गात किती वेळा सांगितलं असेल. ज्यांच्याबद्दल आधीच कुणी विश्वास ठेवायला तयार नाही, त्यांनी तर एकही वाक्य उसनं घेऊ नये, कारण तेवढं एक खोटं ठरलं की बाकीचं सगळं खोटं ठरवायला लोक टपलेले असतात. हे तुम्ही मला बोलून दाखवलं नाहीत, मी आपली मनाशी जुळवत गेले. पण त्या दिवशी तो मसुदा पुढ्यात घेऊन बसले असताना प्रथमच दुसरं काहीतरी लक्षात आलं, आणि ते आलं तेव्हा मला तुमचा राग आला. बाई, माझे आजोबा तेव्हा जिवंत होते. कॉलनीत, आमच्याच घरात, दाराशी खाटेवर बसलेले असायचे. ते शाळेत गेले होते का, गेले तर कुठं, आत बसले की बाहेर, हे विचारायला मला रिक्षासुद्धा लागली नसती. मी त्यांच्या खाटेशी वाकून चपला काढायची आणि आत जायची. तुम्ही खोड म्हणालात. जा, विचार, असं म्हणाला नाहीत. तुमच्या काळात कागद म्हणजेच पुरावा आणि माणसाचं बोलणं म्हणजे गप्पा, हे मला कळतं. तुमच्या शिक्षकांनी तुम्हाला तेच शिकवलं असणार. मलाही ते तेव्हा सुचलं नाही, कारण तुम्ही जे म्हणायचात त्यापलीकडे काही असेल असं मला वाटायचंच नाही. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस आजोबा गेले. आता व्हरांड्याचं काय ते मला कधीच कळणार नाही.

पुढच्या रविवारी मी तिच्या होस्टेलवर गेले. ती खाली आली, चेहरा बंद. मी म्हटलं, "चल, तुझ्या वडिलांकडे जाऊ." दिंडोरीच्या बसमध्ये ती माझ्यापासून दोन बाकं पुढं बसली. द्राक्षबागेच्या कडेला पत्र्याची खोली, बाहेर तीन दगडांची चूल. आईनं आम्हाला बघून हातातली कात्री कमरेला खोचली आणि चहाला आधण ठेवलं. वडील बागेतून आले, हात फवारणीच्या औषधानं निळसर झालेले. ते धुऊन, पुसून, मगच समोर बसले. मी अहवालाची प्रत त्यांना दाखवली, पाड्याचं नाव कुठं आहे ते बोटानं दाखवलं, आणि मधलं एकही वाक्य न गाळता सांगितलं. आळशी, खोटारडे, सगळं. या वेळी मात्र हळू सांगितलं.

ते ऐकून झाल्यावर म्हणाले, "मंग मॅडम, यानं आमचा काम होल का?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. दादा, मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. यात तुमच्या घराचं नाव नाही. पाडा त्या उतारावर पेरत होता, एवढंच यात आहे. ही प्रत दाव्याला जोडा. पण पोरीनं तुमच्या आजोबांचं नाव यात आहे असं लिहिलं आणि कुणी कागद उघडून बघितला, तर ही प्रतसुद्धा कुणी खरी धरणार नाही."

मुलीनं मान फिरवली. वडील त्या प्रतीकडे बघत होते. वाचता येत नव्हतं, पण पाड्याच्या नावाखाली ठेवलेलं बोट त्यांनी हलवलं नाही. मग बायकोकडे बघून म्हणाले, "आत्या हाय ना अजून." आणि मला म्हणाले, "माझी आत्या. लय म्हातारी. तिला कोणाची पट्टी कुठं होती, कोणाची नागली कुठं होती, सगळा ठाऊक. पण तिचा बोलणं कोण लिहून घेईल?"

मी मुलीकडे पाहिलं. म्हटलं, "हिला लिहिता येतं."

परतीच्या बसमध्ये ती माझ्याशेजारी बसली. बाहेर बघत म्हणाली, "मॅडम, आत्याचं बोलणं चालतं? प्रकल्पात?" मी म्हटलं, चालतं. कागदाचं कागदाच्या जागी लिही आणि तिचं तिच्या जागी. कुठलं कुणाचं ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. कधी बोललीस, कुठं बोललीस, तिथं आणखी कोण होतं, ते लिही. तिला काय आठवत नाही तेही लिही. वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं काहीतरी टिपून घेताना मी तिला पाहिलं.

संक्रांतीच्या सुट्टीत ती पाड्यावर गेली. लासलगावच्या मुलानं आपला नवा मोबाइल तिला रेकॉर्डिंगला दिला, न मागता. माफी वगैरे मागितल्याचं मी ऐकलं नाही, पण चार्जर मात्र आठवणीनं दिला. ती परत आली ती तासन्‌तासांचं बोलणं घेऊन. पुढे किती दिवस दप्तरखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून मोबाइल कानाला लावून ती ते उतरवत होती. मध्येच मला बोलवायची, "मॅडम, ऐका." म्हातारी आपल्या बोलीत सांगत होती, मला सगळं कळत नव्हतं. एका ठिकाणी ती हसली आणि मुलगीही हसली. मी विचारलं काय म्हणते. "म्हणते, साहेब आला की आम्ही सगळे मुके व्हायचो. त्यानं काही विचारलं तरी कोणी सांगायचं नाय. तिच्या आज्यानं तिला सांगितलेलं." खोटारडे हा शब्द साहेबानं कुठून उचलला असेल, ते तिथं बाकावर आम्हा दोघींना एकदमच कळलं. तरी तिनं ते सिद्ध झालं असं लिहिलं नाही. असू शकेल, असं लिहिलं. मी न सांगता.

शेवटी तिच्या प्रकरणात ते वाक्य असं उतरलं: अहवालात कोणत्याही घराचे नाव नाही. पाड्यावरची माणसे जी नावे सांगतात ती पुढे देत आहे. आणि खाली म्हातारीनं सांगितलेली माणसं, उतारावरच्या पट्ट्यांसकट. पणजोबा त्यात होते, मधेच कुठंतरी, बाकीच्यांसारखेच. मी ते वाचलं आणि पुन्हा पहिल्या नावापासून वाचलं. दावा अजून अडकलेलाच आहे, बाई. प्रत जोडली, आत्याच्या जबाबावर अंगठा घेऊन तोही जोडला. वडिलांचा अधूनमधून फोन येतो. काही कळलं का, असं ते मला विचारतात, जणू मला आधी कळणार आहे. मी प्रत्येक वेळी नाही म्हणते.

गेल्या आठवड्यात मुलांनी आपापले प्रकल्प विभागात सादर केले. ती नवा कुडता घालून आली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, म्हातारीचं बोलणं खरं कशावरून? माझं तोंड उघडलं होतं, मी मिटलं. ती म्हणाली, "सर, साहेबाचं खरं कशावरून? दोघांनाही मी तेच प्रश्न विचारले. कोणी सांगितलं, कुणाला, कशासाठी. उत्तरं दोन्ही प्रकरणांत दिली हायेत." परीक्षक हसले, मान डोलावली. मला वाटलं, तुम्ही मागच्या बाकावर असायला हव्या होतात. मला तुमचा आलेला राग तोवर बराच ओसरला होता. सगळा नाही. तुम्ही मला अर्धं शिकवलंत आणि उरलेल्या अर्ध्यापर्यंत पोचायला मला तुमच्या वयाचं व्हावं लागलं. पण ते पहिलं अर्धं तुमच्याकडून मिळालं नसतं, तर त्या पोरीला मी ते वाक्य तसंच ठेवू दिलं असतं, दया येऊन.

हे पत्र टाकायचा प्रश्न नाही. पंचवटीतलं तुमचं घर पाडून तिथं आता यात्रेकरूंसाठी लॉज झालंय, आणि तुमची मुलं कुठं असतात ते मला माहीत नाही. तरी लिहीत बसले त्याचं खरं कारण सांगते, कारण ते दुसऱ्या कुणाला सांगायची मला लाज वाटेल. सादरीकरणाच्या शेवटी तिनं आभार मानले. आईवडिलांचे मानले, आत्याचे मानले, दप्तरखान्यातल्या माणसांचे मानले, मोबाइल दिल्याबद्दल लासलगावच्या मुलाचेही मानले, सगळा वर्ग हसला. माझं नाव घ्यायचं ती विसरली. गडबडीत राहिलं असणार, मनात काही नव्हतं तिच्या, नंतर धावत येऊन माझ्या पाया पडली. पण बाई, त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मी वाट बघत होते. आणि मला वाईट वाटलं.